स्नायूंतील गंगाजळी : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

मी कला शाखेचा विद्यार्थी, तरीही डॉ. सुब्बाराव यांच्या चरित्राने मला झपाटले. १८९५ साली भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. दोन भाऊ स्प्रू या आजाराने गेले. पुढे अमेरिकेत शिकताना त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची हमाली केली. १९२७ मध्ये हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले. हे द्रव्य म्हणजे स्नायूंच्या शक्तीची गंगाजळी! आज चुंबकीय अनुनादाच्या यंत्राने, सुईही न टोचता, स्नायूंतील व मेंदूतील हीच शिल्लक मोजतात. हार्वर्डने मात्र त्यांना कायम केले नाही. १९४८ साली, मायभूमीचे पुनर्दर्शन न होताच, ते परदेशी निवर्तले. धावून दमल्यावर क्षणभर थांबतो, पायांत पुन्हा बळ येते, तेव्हा मला त्यांचे स्मरण होते.