बर्फात फिरायला निघालेली ईव्हा

रविवार उजाडला की नॉर्वेतली कितीतरी घरं बाहेर पडतात. हिवाळा असला तर बुटांना स्की बांधायच्या, पाठीवरच्या पिशवीत पाव, गरम कोको आणि दोन-चार संत्री टाकायची आणि जंगलातल्या वाटेनं भटकून यायचं. आजी, सून, नात सगळ्या जातात, कुणाला काही नवल वाटत नाही. पण मैत्रिणींनो, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिथंही बाईनं स्कीवर उभं राहणं शोभत नाही, असंच म्हणायचे बरं का! ही समजूत बदलायला ज्या बायका पुढे आल्या, त्यांत एक नाव ठळक आहे, ईव्हा नान्सेन.

७ डिसेंबर १८५८ रोजी ख्रिस्तियानिया गावी ईव्हाचा जन्म झाला. हेच ते आजचं ओस्लो. वडील मिकाएल सार्स नावाजलेले प्राणिशास्त्रज्ञ, समुद्रतळाच्या जिवांचा अभ्यास करणारे. ईव्हा जेमतेम दहा वर्षांची असताना ते गेले. घर मोठं, पोरं पुष्कळ. पण आई मारेन खंबीर बाई. तिच्याकडे रविवारी गावातली लिहिती-वाचती माणसं जमायची. गाणं, गप्पा, वाद सगळं या पोरींच्या कानावर पडत होतं.

ईव्हाचा गळा गोड. मेहुणे थोरवाल्ड लामर्स नावाजलेले गायक, त्यांच्याकडे ती शिकली, पुढे बर्लिनलाही जाऊन आली. नॉर्वेजियन गीतं गाणारी गायिका म्हणून तिचं नाव झालं. गाण्याइतकंच वेड होतं ते बर्फात भटकण्याचं. ख्रिस्तियानियाच्या वरच्या अंगाला फ्रोग्नरसेतेरेनची टेकडी आहे. सांगतात की, तिथंच एकदा फ्रित्योफ नान्सेन नावाच्या तरुणाला बर्फातून वर आलेले दोन पाय दिसले. ओढून काढलं तर ती ईव्हा! गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं असेल, पण नॉर्वेत अजून ती आवडीनं सांगतात.

१८८८ मध्ये नान्सेननं पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं. परत आल्यावर ६ सप्टेंबर १८८९ रोजी दोघांचं लग्न झालं. नवरा-बायको दोघंही भटके. एका वर्षअखेरीला ते नोरेफियेल डोंगरावर चढून गेले. माथ्यावर पोचेपर्यंत अंधार पडलेला! उतरताना काही ठिकाणी चक्क बसून घसरत यावं लागलं. रात्री उशिरा एका घरी पोचले, तेव्हा कपड्यांवरून घरच्यांना ईव्हा मुलगाच वाटली, असंही सांगतात.

कपड्यांचीच तर खरी अडचण होती. तेव्हाचे झगे घोट्यापर्यंत घोळदार, कमर आवळलेली. त्यात बर्फातून चालायचं कसं? ईव्हानं झगा गुडघ्यापर्यंत आखूड केला, खाली जाड विजार घातली. चार बायका काय म्हणतील, याची तिनं पर्वा केली नाही. १८९३ मध्ये तिनं वेर्देन्स गांग या दैनिकात स्कीवर लेख लिहून बायकांची बाजू मांडली. आधी स्वतः करून दाखवलं आणि मग लिहिलं, म्हणून त्याला वजन आलं.

त्याच वर्षी खरी परीक्षा आली. २४ जून १८९३ रोजी नान्सेन फ्राम जहाजातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. या जहाजाला नाव ईव्हानंच दिलं होतं. लेक लिव्ह तेव्हा साडेपाच महिन्यांची. तीन वर्षं नवऱ्याचं पत्र नाही, तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नाही. ईव्हा रडत बसली नाही. तिनं पुन्हा गाण्याचे कार्यक्रम सुरू केले. १३ ऑगस्ट १८९६ रोजी नान्सेन वार्दो बंदरात पोचला, तारा गेल्या आणि ईव्हा पार उत्तरेला हामरफेस्टला त्याला भेटायला धावली. आर्क्टिकमधल्या एका बेटाला त्यानं ईव्हा-लिव्ह हे नाव दिलं, आजही ते नकाशावर आहे.

पुढे चार मुलं आणखी झाली. १९०६ मध्ये नान्सेन राजदूत म्हणून लंडनला गेला. ईव्हा मुलांना घेऊन लिसाकरच्या घरीच राहिली. पुढच्या वर्षी हिवाळ्यात तिला न्यूमोनियानं गाठलं. नवरा घरी यायला निघाला खरा, पण ती गेल्याची बातमी त्याला वाटेतच कळली. तो दिवस ९ डिसेंबर १९०७. ती अवघी एकोणपन्नास वर्षांची होती आणि थोरली लिव्ह चौदा वर्षांची. पुढे १९२२ मध्ये नान्सेनला शांततेचं नोबेल मिळालं, ते बघायला ती नव्हती.

फ्रोग्नरसेतेरेनला आज ओस्लोची मेट्रो जाते. डब्यात हातात स्की धरून उभ्या असलेल्या बायका-मुली सर्रास दिसतात. त्यांतल्या कितीजणींना ईव्हा आठवत असेल, कोण जाणे! पण घरची कामं, मुलंबाळं, काळजी सगळं असतानाही आपल्यासाठी दोन तास मोकळ्या हवेत काढायचे, हा हक्क आयता मिळालेला नाही. तो कुणीतरी झगा आखूड करून, लोकांचं बोलणं ऐकून घेऊन मिळवलाय. या रविवारी टेकडीवर, नदीकाठी, निदान गावाबाहेरच्या देवळापर्यंत जायला मन कचरलं, तर ईव्हाला आठवा आणि पायात चपला सरकवा.