लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीचे निर्माते म्हणून ते ओळखले जातात. लोखंडी नांगराचे कारखानदार ही त्यांची सर्वपरिचित ओळख असली, तरी त्यांच्या धंद्याचा आरंभ बेळगावातील एका सायकलच्या दुकानातून झाला. सायकली आणणे, विकणे, दुरुस्त करणे आणि गिऱ्हाइकाला त्यांवर बसायला शिकवणे हे या दुकानाचे काम होते. पुढील कारखानदारीतील त्यांच्या कार्यपद्धतीची बरीचशी मुळे या दुकानात सापडतात.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच गाव. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. यंत्रे आणि चित्रे यांतच त्यांना गोडी होती. १८८५ मध्ये ते मुंबईला गेले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. सुमारे दोन वर्षांनी त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. रंगांच्या छटा नीट ओळखता येत नसल्यामुळे चित्रकार होण्याचा विचार सोडून द्यावा लागला. यंत्रांच्या रेखाटनात मात्र रंगांचे काम नव्हते. तेथे लागते ती मापाची अचूकता, आणि ती त्यांच्यापाशी होती. १८८७ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटनाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. भायखळ्यातील या संस्थेच्या कार्यशाळेत त्यांनी यंत्रे हाताळली, खोलली आणि जोडली. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतली नाही. जे शिकले ते या कार्यशाळेत आणि वाचनातून. सायंटिफिक अमेरिकन, अमेरिकन मशिनिस्ट, फाउंड्री यांसारखी परदेशी नियतकालिके ते नियमाने वाचत.

बेळगावातील सायकलचे दुकान

मुंबईतील वास्तव्यात लक्ष्मणरावांनी सायकल प्रथम पाहिली, विकत घेतली आणि चालवायला शिकले. ज्याचा आपल्याला उपयोग झाला ते वाहन आपल्या गावाकडेही खपेल, या विचाराने त्यांनी थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्याशी संधान बांधले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था १८८८ मध्ये सुरू झाली. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा उगम या भागीदारीत आहे.

हा काळ सायकलच्या इतिहासातही संक्रमणाचा होता. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे टीचभर असलेली जुनी सायकल मागे पडत होती. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी रोव्हर सायकल बाजारात आणली होती. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यापूर्वीचे टायर भरीव रबराचे असत. ते पंक्चर होत नसत, पण खडबडीत रस्त्यावर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करत. हवेच्या टायरने हा त्रास कमी केला आणि त्याबरोबर ट्यूब, व्हॉल्व, हवेचा पंप, ठिगळ आणि ते चिकटवण्याचे सोल्यूशन अशी सामानाची एक नवीनच यादी सायकलवाल्याच्या मागे लावली. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात या यादीला किती महत्त्व असेल, हे सांगायला नको.

बेळगावात या सायकली सातशे ते एक हजार रुपयांना विकल्या जात आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात, असे त्यांच्या चरित्रकथनांतून सांगितले जाते. सोन्याच्या त्या वेळच्या भावाशी तुलना केली तर ही रक्कम आजच्या मोटारगाडीच्या पंक्तीत बसते. एवढे पैसे मोजणारा माणूस नुसती वस्तू घेऊन जात नाही. ती मोडली तर कोण नीट करणार, याची त्याला हमी लागते. तुटलेल्या साखळीची कडी किंवा झिजलेले छर्रे विलायतेहून मागवायचे म्हटले तर बोटीला काही आठवडे लागत, आणि तोवर हजार रुपयांची सायकल भिंतीला टेकून उभी राही. म्हणून विक्री आणि दुरुस्ती एकाच छपराखाली ठेवण्यावाचून दुकानदाराला गत्यंतर नव्हते. चाकाचे आरे कमीजास्त ताणून आउट काढणे, दट्ट्या-पान्यांनी धुरा खोलून छर्रे रॉकेलने धुणे आणि पुन्हा वंगण भरून बसवणे, साखळीचा ढिलेपणा मागचे चाक सरकवून घालवणे, ही कामे पुस्तकात वाचून येत नाहीत. एक छर्रा कमी पडला किंवा एक नट जास्त आवळला गेला तरी चाक कुरकुरते. यंत्राचे सुटे भाग एकसारखे आणि मापात असले पाहिजेत, तरच एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, हा आधुनिक कारखानदारीचा पाया सायकल खोलणाऱ्याच्या हाताला आपोआप समजतो.

शिकवणीची गरजही खरीच होती. प्रौढ माणसाने चारचौघांत पडायला लाज वाटू न देणे, ही त्यातील पहिली अडचण. दुसरी पोशाखाची. धोतराचा सोगा किंवा लांब अंगरख्याची किनार साखळीत अडकली की वस्त्र फाटे, कधी माणूसही खाली येई. धोतर गुडघ्यापाशी आवरून घट्ट बांधणे, विजारीचा उजवा पाय घोट्यापाशी चापाने दाबून घेणे, हे सायकल घेणाऱ्याला सायकलीबरोबरच शिकावे लागे. उजवाच पाय, कारण साखळी त्या बाजूला असते. पुढे साखळीवर पत्र्याचे आच्छादन आले आणि हा प्रश्न पुष्कळसा मिटला.

अमेरिकेतील डेटन येथे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या बंधूंनी सायकलविक्री आणि दुरुस्तीचे दुकान काढले ते १८९२ मध्ये. त्या दुकानातूनच पुढे विमान तयार झाले. बेळगावचे दुकान त्याआधीचे. दोन्ही ठिकाणी बंधूंची जोडी होती, आणि दोन्ही ठिकाणी सायकल ही मोठ्या यंत्रविद्येची पहिली पायरी ठरली. किर्लोस्करांनी स्वतः सायकली तयार करण्याचा कारखाना मात्र काढला नाही.

नोकरीचा त्याग

मुंबईतील संस्थेत लक्ष्मणरावांची बढती होण्याची वेळ आली तेव्हा ती जागा त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. या अन्यायाने व्यथित होऊन त्यांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला परतले. निश्चित पगाराची नोकरी सोडून भावाच्या दुकानात उतरणे हा त्या काळच्या पांढरपेशा कुटुंबात मोठाच धाडसाचा निर्णय होता. व्यापार हे आपले काम नव्हे, हातात हातोडा धरणे तर नव्हेच, अशी समजूत समाजात घट्ट रुजलेली होती. दुकानात सायकलींच्या जोडीला पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांचीही विक्री होऊ लागली. परदेशी माल विकताना त्याची रचना पाहण्याची, आणि हे येथेच का होऊ नये असा विचार करण्याची संधी त्यांना मिळाली.

कडबा कापणी यंत्र आणि नांगर

लक्ष्मणरावांनी स्वतः बनवलेले पहिले महत्त्वाचे शेतीयंत्र कडबा कापण्याचे होते. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि ताटे तुडवते. बारीक कापून दिल्यास वैरण वाया जात नाही. त्यानंतर ते लोखंडी नांगराकडे वळले. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलटी करत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत खोलवर गेलेली हरळी आणि कुंदा काढण्यासाठी माती पलटी करणारा नांगर लागतो. तसे विलायती नांगर येथे येत होते. परंतु ते महाग असत आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत नसत.

पहिला किर्लोस्कर नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला. लोखंडामुळे जमीन नासते, तिला विष चढते, असा समज शेतकऱ्यांत होता आणि सुरुवातीचे मोजके नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. या समजुतीची थट्टा करण्याचे कारण नाही. वर्षाच्या भाकरीचा प्रश्न ज्या जमिनीवर अवलंबून आहे तिच्यात अनोळखी अवजार घालताना शेतकरी कचरणारच. सायकल घेणाऱ्याने फसल्यास फक्त पैसे जात. नांगर घेणाऱ्याचा हंगाम जाई. येथे दुकानातील अनुभव उपयोगी पडला. नांगराचा फाळ झिजणारच. तो बदलता आला पाहिजे, आणि बदलायचा फाळ जवळपास मिळाला पाहिजे. बांधावर जाऊन नांगर चालवून दाखवणे, प्रदर्शनांत मांडणे, मोडल्यास दुरुस्त करून देणे या मार्गांनी विश्वास हळूहळू मिळवावा लागला.

बेळगावातून स्थलांतर

धंद्याचा जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेने नवीन वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. भट्टी, यंत्रे, कामगारांची बिऱ्हाडे हे सारे उचलून कोठे न्यायचे, हा प्रश्न उभा राहिला. दुकान असते तर शेजारच्या गल्लीत गेले असते; ओतकाम करणारा कारखाना तसा हलत नाही. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

किर्लोस्करवाडी

१० मार्च १९१० रोजी या जागेवर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. जागा ओसाड होती, निवडुंग माजलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. रेल्वे मात्र दारात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा येण्यास व तयार नांगर जाण्यास तेवढे पुरे होते. सायकलच्या दुकानात विक्री सांभाळणारे रामूअण्णा येथे वसाहतीचे रस्ते, घरे, पाणी आणि स्वच्छता पाहू लागले. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे आणि के. के. कुलकर्णी ही मंडळी सुरुवातीपासून बरोबर होती. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही, असा दंडक लक्ष्मणरावांनी घातला. तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही काम मिळाले आणि त्यांतील काहींवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवण्यात आली. कुंडल रोड स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, पुणे–मिरज लोहमार्गावर आहे.

कोल्हापूरशी संबंध

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) लोखंडाची आयात आटली आणि नांगरांचे ओतकाम बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील जुन्या, निकामी तोफा वितळवण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या. इतिहासप्रेमी वाचकाला त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या काळी बंद भट्टी म्हणजे शेकडो नांगर आणि अनेक कुटुंबांचे पोट होते, आणि शेती व उद्योग यांकडे पाहण्याची महाराजांची दृष्टीही या निर्णयाशी सुसंगत होती. कोल्हापूर परिसर हा उसाचा आणि गुळाचा. खोल नांगरट, ऊस गाळण्याचे चरक आणि नदी-विहिरींवरचे पंप या तिन्हींची तेथे मोठी गरज होती. किर्लोस्करवाडीत या तिन्ही वस्तू तयार होऊ लागल्या. पहिला पंप १९२६ मध्ये तयार झाला.

विस्तार आणि उत्तरायुष्य

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले. मालाची माहिती देण्यासाठी सुरू झालेले हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून नावारूपाला आले. त्याच्या जोडीला १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके आली. नांगराच्या कारखान्यातून वाङ्मयीन मासिकांची परंपरा निघावी, हे मराठीतच घडले असावे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यांत्रिकी शिकून आले. त्यांच्याबरोबर गेलेले चुलतभाऊ माधवराव यांचा मात्र तेथे क्षयाने अंत झाला. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करण्याचा कारखाना निघाला, तर १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे झाले.

स्मृती

जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून झालेला लकाकि हा शब्द पुण्यातील एका रस्त्याच्या नावात टिकून आहे. बेळगावात ज्या रस्त्यावर सायकलचे दुकान होते तो किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.