अ‍ॅनी बेझंट: मुलांच्या ताब्यासाठी दोनदा कोर्टात लढल्या, एकदा आई म्हणून आणि एकदा पालक म्हणून

होमरूल म्हटलं की लोकमान्य टिळकांच्या जोडीनं अ‍ॅनी बेझंट यांचं नाव येतंच. पण भारताच्या राजकारणात उतरण्याआधी बेझंट मुलांच्या ताब्यासाठी दोनदा कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. आधी लंडनमध्ये, मग मद्रासमध्ये. दोन्हीकडे आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली.

१८४७ मध्ये लंडनला जन्म, १८६७ मध्ये फ्रँक बेझंट या पाद्र्याशी लग्न. डिग्बी आणि मेबल ही दोन मुलं. पुढे अ‍ॅनी यांचा धर्मावरचा विश्वास उडाला आणि १८७३ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, असं लेखी ठरलं.

१८७७ मध्ये त्यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत संततिनियमनावरची एक पुस्तिका छापली. अश्लीलतेचा खटला झाला, दोषी ठरल्या, पुढच्या वर्षी तांत्रिक मुद्द्यावर सुटल्या. तेवढ्यात फ्रँक यांनी मेबलच्या ताब्यासाठी अर्ज केला. आई मुलीची प्रेमानं काळजी घेते, हे न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांनी मान्य केलं. तरीही आई नास्तिक आणि वर असली पुस्तिका छापणारी, म्हणून सात वर्षांच्या मेबलला वडिलांकडे पाठवलं. १८७९ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. म्हणजे निकाल लागला तो आईच्या मतांवर. सज्ञान झाल्यावर डिग्बी आणि मेबल दोघंही आईकडे परतले, ही गोष्ट वेगळी.

दुसरं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं.

१८९३ मध्ये भारतात आलेल्या बेझंट १९०७ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये सोसायटीचे चार्ल्स लेडबीटर यांना मद्रासजवळच्या अड्यारच्या किनाऱ्यावर एक मुलगा दिसला. हाच पुढचा जगद्गुरू, असं त्यांनी ठरवून टाकलं. तो मुलगा म्हणजे जिद्दू कृष्णमूर्ती. आई वारलेली, वडील नारायणय्या सोसायटीतच कामाला. त्यांनी १९१० मध्ये कृष्णमूर्ती आणि धाकट्या नित्यानंदचं पालकत्व बेझंट यांना लिहून दिलं.

पण लहान मुलांच्या संदर्भातल्या आरोपांमुळे लेडबीटर यांना १९०६ मध्ये सोसायटी सोडावी लागली होती, आणि बेझंट अध्यक्ष झाल्यावर ते परत आले होते. त्यांनी आपल्या मुलाशी गैरवर्तन केलं, असा नारायणय्यांचा आरोप होता. बेझंट मुलांना इंग्लंडला घेऊन गेल्या. १९१२ मध्ये वडिलांनी दावा लावला. त्यांच्या बाजूनं सी. पी. रामस्वामी अय्यर हे वकील होते. गंमत म्हणजे हेच पुढे होमरूलमध्ये बेझंट यांचे सहकारी झाले.

मुलाच्या सुरक्षिततेचाच प्रश्न असल्यामुळे हा आरोप न तपासता पुढे जाणं कोर्टाला शक्य नव्हतं. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, पेपरात रकाने भरले. एप्रिल १९१३ मध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी निकाल दिला: गैरवर्तन सिद्ध होत नाही. मात्र लेडबीटर यांची मतं बघता मुलं त्यांच्या सहवासात नकोत, म्हणून मुलं वडिलांना परत करा. म्हणजे एवढी चौकशी होऊनही निकाल पुन्हा मतांवरच टेकला. हायकोर्टातल्या अपिलातही तोच कायम राहिला.

बेझंट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेल्या आणि १९१४ मध्ये जिंकल्या. वडिलांनी दिलेली संमती त्यांना मागे घेता येते, हे तिथे मान्य झालं. पण मुलं राहतात इंग्लंडमध्ये, मग दावा इथल्या कोर्टात कसा? आणि ज्यांच्याबद्दल भांडण आहे, त्या मुलांची बाजू मांडायला कोर्टात कुणीच कसं नाही? तोवर कृष्णमूर्ती एकोणिसाव्या वर्षाला टेकले होते.

पालकत्वाच्या वादात या निकालाचा दाखला भारतातली कोर्टं आजही देतात. नारायणय्यांना मात्र मुलं परत मिळाली नाहीत. दोघं भाऊ इंग्लंडमध्येच राहिले आणि थेट १९२१ च्या अखेरीस भारतात आले.