भूकंपाचा इशारा देणारा ‘अफवाबाज’! कोण होते आकित्सुने इमामुरा?

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे १२ वाजायला दोन मिनिटे असताना टोकियो हादरले. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. लाखाहून अधिक माणसे गेली, त्यातली बहुतेक आगीत. जपानी भूकंपतज्ज्ञ आकित्सुने इमामुरा यांनी हे १८ वर्षे आधी लिहून ठेवले होते.

१९०५ मध्ये एका मासिकात त्यांनी मांडले होते, की ५० वर्षांच्या आत टोकियोत मोठा भूकंप होईल, जलवाहिन्या फुटल्याने आग विझणार नाही आणि मृतांचा आकडा लाखावर जाईल. शहरात घबराट पसरली. त्यांचेच वरिष्ठ फुसाकिची ओमोरी यांनी हा अंदाज जाहीरपणे खोडून काढला आणि इमामुरांवर अफवाबाज असा शिक्का बसला. प्रत्यक्ष भूकंप झाला तेव्हा ओमोरी ऑस्ट्रेलियात होते. आजारी अवस्थेत परतले आणि त्याच नोव्हेंबरात वारले.

नजर नानकाईकडे

आता इमामुरांचे ऐकले जाऊ लागले. त्यांनी लक्ष वळवले नैर्ऋत्य जपानलगतच्या नानकाई या सागरी खंदकाकडे. तिथे १७०७ आणि १८५४ मध्ये महाभूकंप झाले होते, म्हणजे पुढचा फार लांब नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी त्या किनाऱ्यावर खासगी वेधशाळा उभारली. डिसेंबर १९४४ मध्ये, ऐन युद्धात, त्यांच्या आग्रहाने काकेगावा परिसरात जमिनीची उंची मोजणे सुरू होते. मोजमापे जुळेनात. ७ डिसेंबरला त्याच भागात महाभूकंप झाला. २१ डिसेंबर १९४६ ला खंदकाचा पश्चिम भाग तुटला. १ जानेवारी १९४८ रोजी इमामुरांचे निधन झाले.

पाण्याचा संबंध काय?

भूपट्टांचा सिद्धान्त १९६० च्या दशकात रुजला, त्यामुळे इमामुरांकडे आधार होता तो फक्त जुन्या नोंदींचा. नानकाईत फिलिपाइन्स सागराचा भूपट्ट जपानखाली सरकतो आणि ओला गाळ, पाणी धरून ठेवणारी खनिजे सोबत नेतो. खोलवर उष्णतेने हे पाणी सुटते. वाट मिळाली नाही, की त्याचा दाब वाढतो, खडकांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि तिथे भूपट्ट हळूहळू घसरतात. त्याच्या वरचा, किनाऱ्याजवळचा पट्टा मात्र घट्ट अडकलेला असतो. खालच्या प्रत्येक घसरणीने त्याच्यावर ताण चढतो. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी सुमारे ३० किलोमीटर खोलीवरून येणारी मंद थरथर जाहीर केली. तिचा संबंध याच पाण्याशी जोडला जातो.

काकेगावाची न जुळणारी मोजमापे ही अशाच संथ घसरणीची खूण होती, की मोजणीतली चूक, यावर भूकंपतज्ज्ञांत अजून एकमत नाही.