संगोळ्ळीचा रायण्णा

खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गावात मराठी बोलली जाते, बाजारात कानडीही तितकीच चालते. या गावाजवळ एका वडाच्या झाडाखाली संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. त्या ठिकाणी लोक नवस बोलतात, झाडाला लहानसे पाळणे बांधतात. ज्याच्यापुढे हे नवस बोलले जातात तो कोणी साधुसंत नव्हता. तो कित्तूरच्या फौजेतील एक शिपाई आणि गावाकडचा एक शेतकरी होता.

बैलहोंगल तालुक्यातील संगोळ्ळी हे रायण्णाचे गाव. वडील भरमप्पा, आई केंचव्वा. जात कुरुबाची, म्हणजे आपल्याकडील धनगर समाजाची. परंपरेने त्याची जन्मतारीख १५ ऑगस्ट १७९८ अशी सांगतात. गावाची राखण करण्याचे काम या घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेले होते आणि त्या चाकरीबद्दल त्यांना जमीन मिळालेली होती. अशा घराण्याला पगार नसे. जमीन हाच पगार आणि जमीन हीच अब्रू. रायण्णाचे पुढील सारे आयुष्य समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

त्या काळी बेळगाव जिल्हा वेगळा नव्हता. तो १८३६ साली झाला. हा मुलूख धारवाडचा कलेक्टर थॅकरे याच्या अमलाखाली होता. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई शिवलिंग रुद्रसर्ज निपुत्रिक वारले. त्यांनी घेतलेले दत्तक थॅकरेने मानले नाही आणि खजिन्यावर मोहर लावली. राणी चन्नम्मांनी शरण जाण्याचे नाकारले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी लढाई झाली. तीत अमटूर बाळप्पाच्या गोळीने थॅकरे ठार झाला. इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी कित्तूरकरांच्या हाती लागले. राणीने त्यांना जिवंत ठेवले आणि पुढे तह होईल या आशेने सोडूनही दिले. यांपैकी वॉल्टर इलियटने पुढील काळात कर्नाटकातील शिलालेख गोळा करून विद्वान म्हणून नाव मिळवले. कित्तूरने दाखविलेल्या माणुसकीचा हा एक पुरावाच म्हणावा लागेल.

इंग्रजांनी मात्र तह केला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठी फौज कित्तूरवर चालून आली. या लढाईत सर थॉमस मन्रो यांचा पुतण्या मारला गेला, पण किल्ला पडला. राणी चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. रायण्णाही युद्धकैदी झाला. पुढे इतर शिपायांबरोबर त्याची सुटका झाली आणि तो संगोळ्ळीस परतला.

येथेच त्याची कहाणी संपू शकली असती. लढाई हरलेले हजारो शिपाई घरी परततात, तलवार आढ्याला टांगतात आणि नांगर धरतात. रायण्णानेही तेच केले असते. पण नांगर धरायला जमीन तरी राहिली पाहिजे! नव्या सरकारने इनाम जमिनींची चौकशी सुरू केली. रायण्णाच्या घरची काही जमीन सरकारजमा झाली आणि उरलेल्या जमिनीवर भारी सारा बसला. साऱ्यासाठी गावच्या कुलकर्ण्याने त्याच्या म्हाताऱ्या आईचा छळ केला, असे लोककथेत सांगतात. ज्या राज्यासाठी तो लढला ते बुडाले, आणि ज्या शेतासाठी जगायचे तेही गेले. कैदेतून सुटलेल्या माणसाला आपल्याच घरी मोकळे राहता येईना.

फेब्रुवारी १८२९ मध्ये राणी चन्नम्मा कैदेतच वारल्या. त्यानंतर रायण्णाने माणसे जमविली. दत्तक पुत्र शिवलिंगप्पा यांना गादीवर बसवायचे हा उद्देश होता. त्याच्याजवळ तोफा नव्हत्या, किल्ला नव्हता. शेतकरी, बेरड, गजवीरासारखे सिद्दी आणि खानापूरकडचे दाट रान एवढेच त्याचे बळ. १८३० च्या आरंभी त्याने बिडी येथील सरकारी कचेरी जाळली, संपगाववर हल्ला केला. सरकारी खजिना आणि जमिनीची दप्तरे यांवर त्याचा विशेष रोख होता. ज्या कागदाने जमीन गेली तो कागदच जाळावा, हा शेतकऱ्याचा सरळ हिशेब होता. जवळजवळ त्याच काळात पुण्याकडे उमाजी नाईक लढत होता. तोही राखणदारीचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या समाजातील. दोघांचे दुःख एकच होते.

समोरासमोर रायण्णा हाती लागेना, तेव्हा इंग्रजांनी फितुरीचा मार्ग धरला. त्याच्या विश्वासातील माणसेच फुटली. एप्रिल १८३० मध्ये, ओढ्यावर अंघोळीला उतरला असताना व तलवार हातात नसताना, त्याला पकडले असे सांगतात. दुसऱ्यांदा तो कैदी झाला. या वेळी सुटका नव्हती. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे त्याला फाशी दिले. त्याचे काही साथीदारही त्याच्याबरोबर फासावर गेले. तेव्हा त्याचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

त्याचा जन्मदिवस पुढे आपला स्वातंत्र्यदिन झाला आणि मृत्युदिन प्रजासत्ताक दिन. हा योगायोग आहे. पण खेड्यातील माणूस त्याला योगायोग मानीत नाही. कानडी गीगी पदांतून शाहिरांनी रायण्णाला जिवंत ठेवले. आज बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकालाही त्याचे नाव आहे.

रायण्णा कोणाचा, असा प्रश्न आपल्या भागात सहज निघू शकतो. तो जन्मला कानडी गावात, लढला कित्तूरसाठी आणि देह ठेवला मराठी बोलणाऱ्या नंदगडच्या मातीत. ज्याच्या जमिनीवर अन्याय होतो त्याचे गाऱ्हाणे कोणत्याही भाषेत सारखेच असते. वडाला पाळणा बांधणाऱ्या बाईला तिची भाषा कोणी विचारीत नाही. आपणही तेवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.