न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून शल्यविद्या वेगळी करणारे ला पेरोनी

फ्रान्सच्या दक्षिणेकडील माँपेलिए नगरीत १५ जानेवारी १६७८ रोजी जन्मलेले फ्रान्स्वा जिगो द ला पेरोनी यांचे नाव आज मूत्ररोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर क्वचितच ऐकू येते. पुरुषाच्या जननेंद्रियात कठीण पट्टा तयार होऊन ताठरतेच्या वेळी इंद्रियाला बाक येतो, त्या विकाराला त्यांचे नाव मिळाले आहे. हा सन्मान काहीसा चमत्कारिक म्हणावा लागेल. हा विकार सर्वप्रथम त्यांनी पाहिला नव्हता आणि त्यावर खात्रीचा उपायही त्यांच्यापाशी नव्हता. आयुष्याची बहुतेक शक्ती त्यांनी वेगळ्याच कार्यासाठी खर्च केली. शल्यचिकित्सकाला न्हाव्याच्या पंगतीतून उठवून विद्वानांच्या पंगतीत बसविणे, हे ते कार्य होय.

ला पेरोनी यांचे वडील स्वतः न्हावी-शल्यकार होते. त्या काळच्या फ्रान्समध्ये वैद्य विद्यापीठात शिके, लॅटिन बोले, झगा परिधान करी आणि रोग्याला सहसा हात लावीत नसे. चिरफाड, रक्त काढणे, हाडे बसविणे, गळवे फोडणे ही हाताची कामे शल्यकारांकडे असत. सतराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसच्या शल्यकारांचा संघ न्हाव्यांच्या संघात विलीन झाला होता आणि दोघांवरही वैद्यक विद्याशाखेची देखरेख होती. ला पेरोनी आठ वर्षांचे असताना, म्हणजे १६८६ मध्ये, चौदाव्या लुईच्या भगंदरावर शार्ल-फ्रान्स्वा फेलिक्स या शल्यकाराने यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यामुळे दरबारात या व्यवसायाचा भाव वाढला. मात्र गावोगावच्या शल्यकाराची पायरी तीच राहिली.

मुलाचे प्रारंभीचे शिक्षण जेझुइट धर्मगुरूंच्या विद्यालयात झाले. पुढे शल्यकर्म शिकून १६९५ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी व्यवसायाची सनद मिळविली. अधिक अनुभवासाठी ते पॅरिसला गेले. तेथे शारिते रुग्णालयाचे प्रमुख शल्यचिकित्सक जॉर्ज मारेशाल यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. हा संबंध पुढे आयुष्यभर टिकला. माँपेलिएला परतल्यावर त्यांनी शरीररचनाशास्त्र व शल्यविद्या यांचे अध्यापन केले, रुग्णालयाची सेवा केली आणि सेव्हेनच्या डोंगराळ भागातील प्रोटेस्टंट बंडाच्या काळात मार्शल व्हिलार यांच्या सैन्याबरोबरही काम पाहिले.

१७१४ मध्ये शोनच्या ड्यूकवर उपचार करण्यासाठी त्यांना पॅरिसला बोलावणे आले. व्याधी पुन्हा भगंदराचीच होती. उपचार यशस्वी झाले आणि ला पेरोनी राजधानीत स्थिरावले. मारेशाल यांच्यानंतर राजाचे प्रथम शल्यचिकित्सक हे पद त्यांनाच मिळावे, असे १७१७ मध्ये ठरले. मारेशाल १७३६ मध्ये निवर्तले, तेव्हा पंधराव्या लुईच्या दरबारातील ते पद त्यांच्याकडे आले. १७४४ मध्ये मेत्झ येथे राजा मरणासन्न झाला असता ते त्याच्या सेवेत होते. राजा त्या दुखण्यातून वाचला.

दरबारातील वजन त्यांनी स्वतःपुरते वापरले असते, तर त्यांचे नाव वंशावळींच्या ग्रंथांतच राहिले असते. १७२४ मध्ये पॅरिसच्या सॅं-कोम येथे शल्यविद्येचे पाच राजनियुक्त अध्यापक नेमले गेले, ते मारेशाल व ला पेरोनी यांच्या प्रयत्नांमुळे. १७३१ मध्ये याच गुरुशिष्यांच्या पुढाकाराने शल्यविद्येची अकादमी स्थापन झाली. प्रांतोप्रांतीच्या शल्यकारांनी आपले अनुभव लिहून पाठवावेत, त्यांची छाननी व्हावी आणि ते छापून सर्वांना उपलब्ध व्हावेत, ही त्यामागील कल्पना होती. हाताने काम करणाऱ्या माणसाने लेखणी हाती घ्यावी, ही अपेक्षा त्या समाजात लहान नव्हती.

वैद्यक विद्याशाखेला हे रुचले नाही. आपल्या देखरेखीखालील कारागीर स्वतंत्र होतील आणि रोग्यांचे काय करायचे ते स्वतःच ठरवू लागतील, अशी भीती तिला होती. दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली, वाद न्यायालयांपर्यंत गेले. अखेर २३ एप्रिल १७४३ रोजी राजाज्ञा निघाली. पॅरिसमधील शल्यचिकित्सक न्हाव्यांपासून कायमचे वेगळे झाले आणि यापुढे शल्यचिकित्सक होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम कलाशाखेची विद्यापीठीय पदवी घेतलीच पाहिजे, असे ठरले. ज्या गरीब मुलाला लॅटिन शिकण्याची सोय नव्हती, त्याच्यासाठी यामुळे एक दार बंद झाले, हेही नमूद करावयास हवे. ला पेरोनी यांना जेझुइटांची शाळा मिळाली होती. प्रत्येक न्हाव्याच्या मुलाला ती मिळत नव्हती.

त्याच १७४३ या वर्षी अकादमीच्या शोधनिबंधांचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात वीर्याच्या नैसर्गिक उत्सर्जनास येणाऱ्या अडथळ्यांविषयी ला पेरोनी यांचा एक निबंध होता. काही रुग्णांच्या शिश्नाच्या वरच्या बाजूस जपमाळेतील मण्यांसारख्या कठीण गाठींची ओळ हाताला लागते आणि ताठरतेच्या वेळी इंद्रिय त्या बाजूस वाकते, असे निरीक्षण त्यांनी मांडले. पिरेनीज पर्वतातील बारेज येथील उष्ण झऱ्यांच्या पाण्याचा त्यांनी पुरस्कार केला. या विकाराचे उल्लेख सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञांच्या लेखनातही आढळतात. परंतु राजाच्या प्रथम शल्यचिकित्सकाने, अकादमीच्या पहिल्याच खंडात, पुरुष ज्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत असा विषय उघडपणे मांडावा, यात त्या संस्थेचा स्वभाव दिसतो. जे हाताला लागले ते लिहावयाचे, मग विषय कितीही संकोचाचा असो.

त्या गाठींचे स्वरूप आता बरेच स्पष्ट झाले आहे. ताठरतेच्या वेळी रक्ताने भरणाऱ्या उतींभोवती एक चिवट, लवचिक आवरण असते. त्यात व्रणासारखा तंतुमय पट्टा तयार होतो. तो भाग ताणला जात नाही, म्हणून इंद्रिय त्याच्याकडे वाकते. संभोगाच्या वेळी होणाऱ्या लहानसहान इजा आणि जखम भरून येण्याच्या क्रियेतील दोष ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. मधुमेहाशी तसेच हाताची बोटे आखडणाऱ्या ड्युपिट्रनच्या व्याधीशी त्याचा संबंध दिसून आला आहे. हा कर्करोग नव्हे आणि तो संसर्गाने पसरत नाही. ही दोन वाक्ये वेळेवर कानी पडली, तर अनेकांची झोप परत येईल.

ला पेरोनी यांना केवळ बोटांनी चाचपता येत होते. आज त्याच ठिकाणी सोनोग्राफीचा उपयोग होतो. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गर्भवती स्त्रीच डोळ्यांसमोर येते. परंतु उच्च कंपनसंख्येच्या ध्वनिलहरींनी हा पट्टा कोठे व केवढा आहे, हेही पाहता येते. त्यात कॅल्शियम साचले असल्यास तो भाग पडद्यावर ठळक चमकतो आणि त्यामागे सावली पडते. औषधाच्या इंजेक्शनने ताठरता आणून डॉप्लर तपासणी केल्यास रक्ताचा प्रवाह कळतो आणि त्याच वेळी बाकाचा कोनही मोजता येतो. निदान मात्र मुख्यतः रुग्णाची हकिगत आणि हाताने केलेली तपासणी यांवरच होते. कोणता उपचार निवडावा हे ठरविताना, विशेषतः शस्त्रक्रियेपूर्वी, ही चाचणी मोलाची ठरते.

विकाराच्या पहिल्या टप्प्यात वेदना असतात आणि बाक बदलत राहतो. हा काळ साधारणतः वर्ष-दीड वर्षाचा असतो. वेदना बहुधा आपोआप शमतात; बाक मात्र आपोआप सरळ झाल्याची उदाहरणे थोडीच आहेत. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या गेल्या, पण त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही. आघातलहरींनी वेदना कमी होऊ शकते, बाक नव्हे. पट्ट्यातील कोलॅजेन विरघळविणाऱ्या, जिवाणूपासून मिळविलेल्या कोलॅजिनेज या विकराच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१३ मध्ये, किमान ३० अंशांचा बाक असलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. युरोपच्या बाजारातून ते पुढे व्यापारी कारणास्तव मागे घेण्यात आले. काही रुग्णांना ताण देणाऱ्या उपकरणांचाही उपयोग होतो.

बाक स्थिर झाल्यावर आणि संभोग अशक्य होत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. लांब बाजूस टाके घालून ती आखूड करणे हा एक मार्ग होय. रीड नेस्बिट यांनी १९६५ मध्ये वर्णिलेली पद्धत याच प्रकारची आहे; तीत लांबी थोडी कमी होते आणि रुग्णाला हे आधी सांगावे लागते. बाक मोठा असल्यास पट्टा छेदून तेथे दुसऱ्या ऊतीचे कलम लावतात. त्यात ताठरता मंदावण्याचा धोका राहतो. ताठरताच गेली असेल आणि औषधांनी ती येत नसेल, तर कृत्रिम रोपण केले जाते. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोगांवर हमखास इलाज सांगणाऱ्या जाहिराती देशभर दिसतात. त्यांतील हमी यांपैकी कोणताही मूत्ररोगतज्ज्ञ देत नाही.

ला पेरोनी यांचे २५ एप्रिल १७४७ रोजी व्हर्साय येथे निधन झाले. आपला ग्रंथसंग्रह आणि संपत्तीचा मोठा भाग त्यांनी पॅरिस व माँपेलिए येथील शल्यचिकित्सकांच्या संस्थांना दिला होता. त्या देणगीतून माँपेलिएमध्ये शरीरविच्छेदनाच्या अध्यापनासाठी स्वतंत्र सभागृह उभे राहिले. त्यांची अकादमी १७९३ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत इतर अकादमींबरोबर बरखास्त झाली. पुढच्याच वर्षी क्रांतिकारी शासनाने उघडलेल्या नव्या विद्यालयांत वैद्यक आणि शल्यविद्या एकाच छताखाली शिकविल्या जाऊ लागल्या. माँपेलिएतील एका मोठ्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे. तेथील वैद्यक विद्याशाखेच्या प्रवेशद्वारापाशी दोन पुतळे आहेत. एक पॉल-जोसेफ बार्तेझ या नामांकित वैद्याचा आणि दुसरा न्हावी-शल्यकाराच्या या मुलाचा.