दि. ब. देवधर

दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२ – २४ ऑगस्ट १९९३) हे भारतीय क्रिकेटपटू व पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. देवधर करंडक ही स्पर्धा त्यांच्या नावाने ओळखली जाते.

कारकीर्द

मुंबईत भरणाऱ्या चौरंगी सामन्यांत ते हिंदू संघाकडून खेळत. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी मुंबईतच १४८ धावा केल्या. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, तेव्हा देवधरांनी चाळिशी गाठली होती. त्यांना कसोटी खेळण्याची संधी अखेरपर्यंत मिळाली नाही. तरीही त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. वयाच्या ५२व्या वर्षी नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली.

देवधर करंडक

विभागीय संघांमधील मर्यादित षटकांची ही स्पर्धा १९७३-७४ च्या हंगामात, म्हणजे भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यापूर्वीच सुरू झाली. आपल्या नावाचा करंडक देवधरांना हयातीतच पाहता आला. त्यांना पद्मश्री (१९६५) व पद्मभूषण (१९९१) हे किताब मिळाले. वयाची शंभरी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले.